चर्चा चालवणारीचं मत

माझ्या तासाला मी बोलत नाही. हे सांगितलं की घरात सगळे हसतात, कारण मला गप्प बसवणं घरात अजून कोणाला जमलेलं नाही. पण कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी जो विषय शिकवते, त्यात मी सगळ्यात मागच्या बाकावर बसते आणि घंटा होईपर्यंत तोंड उघडत नाही. दर आठवड्याला एक निबंध वाचायला नेमलेला असतो. एक विद्यार्थी त्याचं टाचण काढतो, म्हणजे लेखकाचं सगळं म्हणणं एका पानावर मांडतो, त्याच्या प्रती वर्गात वाटतो आणि तासभर चर्चा चालवतो. नियम थोडेच आहेत आणि ते माझेच आहेत. टाचणात लेखक म्हणतो तेच यावं, आणि असं यावं की लेखकाने स्वतः वाचलं तर मान डोलवावी. चर्चा चालवणाऱ्याने प्रश्न विचारावेत, बोलणाऱ्याला आवरावं, गप्प बसणाऱ्याला बोलतं करावं. स्वतःचं मत देऊ नये. मत दिलं की मार्क गेले.

या नियमांच्या जोरावर मी कितीतरी वर्षं निर्धास्त होते. मग सासूबाईंनी माझ्या विषयाला नाव नोंदवलं.

त्यांचं शेवटचं वर्ष राहून गेलं होतं. लग्न झालं, नोकरी लागली, माझा नवरा जन्माला आला, आणि 'पुढच्या वर्षी बसेन' हे वाक्य दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं. आता विद्यापीठाने अशा जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेले विषय पुरे करायची मुभा दिली होती, आणि ती याच वर्षी बंद होणार होती. बाकीचे पेपर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, झटपट काढून टाकले. उरला माझा विषय. त्याला लेखी परीक्षा नाही. चर्चा चालवणं हीच परीक्षा. त्यात नापास झाल्या असत्या तर पदवी कायमची हातची गेली असती, आणि हे त्यांना आणि मला दोघींनाही पक्कं माहीत होतं.

सुनेने सासूला मार्क देणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांच्या दिवशी विभागप्रमुख येऊन बसणार असं ठरलं. विभागप्रमुखांना मुलं मोजपट्टी म्हणतात. पानाला समास कमी सोडला म्हणून त्यांनी एकदा एका पोराचा अर्धा मार्क कापला होता. त्या पोराने जाऊन विचारलं, तर त्यांनी खिशातून खरोखरची पट्टी काढून दाखवली.

वर्गात आई पहिल्याच दिवशी रुळल्या. कोणीतरी त्यांना 'आजी' म्हणालं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी मी घरी आहे. इथे मी तुमच्या वर्गात आहे." तेव्हापासून सगळे त्यांना सीनियर म्हणायला लागले. मला त्या कॉलेजात मॅडम म्हणायच्या, आणि घरी आल्यावरही, विशेषतः मी भांडी तशीच ठेवून फोनवर बोलत बसले की, "मॅडम, हा गृहपाठ कोणी करायचा?" असं विचारायच्या.

त्या कुठून रिटायर झाल्या ते वर्गात कोणाला माहीत नव्हतं. त्या इथल्याच स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत होत्या, आणि माईकवरच्या घोषणाही त्याच करायच्या. 'गाडी थोड्याच वेळात येत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' माईकवर त्यांचा आवाज वेगळाच लागायचा, गुळगुळीत आणि गोड. घरचा आवाज खरखरीत. लग्नाआधी मी त्या स्टेशनवरून हजार वेळा गेले असेन, पण सासूबाई म्हणून समोर आल्या तेव्हा तो आवाज मलाही ओळखू आला नव्हता.

कोणाला कोणता निबंध, हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो. आईंच्या चिठ्ठीत आला माफीवरचा निबंध. लेखक थंड डोक्याचा माणूस. त्याचं म्हणणं असं की माफी मागायची तर नेमकी चूक काय ते सांगावं लागतं, 'मी केली' असं म्हणावं लागतं, सबब पुढे करता येत नाही, आणि समोरच्याकडे काही मागता येत नाही, अगदी क्षमासुद्धा. यातलं काही गळलं की उरते ती नुसती रीतभात. आणि आता गंमत बघा. रीतभातीचं उदाहरण म्हणून त्या गृहस्थाने जगातलं सगळं सोडून नेमकी स्टेशनवरची घोषणा उचलली होती. 'आम्ही दिलगीर आहोत' यातला 'आम्ही' कोण, असा त्याचा सवाल होता. त्या वाक्यामागे कोणीही उभं नसतं, असं त्याने लिहिलं होतं.

आईंनी ते ओट्याशी उभ्याने वाचलं आणि पेन्सिल आपटली.

"कोणी उभं नसतं म्हणे. मी होते की. आख्खी नोकरी मी त्या वाक्यामागे होते."

"बसलेली होतीस," बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. ते टेबलाशी शेंगा सोलत होते आणि त्यांना भांडण लावून द्यायला आवडतं.

"तुम्ही शेंगांकडे बघा."

पहिलं टाचण त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'लेखक कधी स्टेशनवर गेलेला दिसत नाही.' मी ते परत केलं. दुसऱ्यात होतं, 'लेखकाच्या मते, आणि हे मत साफ चुकीचं आहे'. तेही परत केलं. तिसऱ्यात त्यांनी लेखकाचं म्हणणं बरोबर लिहिलं होतं, पण प्रत्येक वाक्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, "आई, याच्याशी भांडायचंय तर आधी हा काय म्हणतो ते याच्यापेक्षा चांगलं सांगून दाखवा. मग वर्ग भांडेल. तुम्ही नाही."

"म्हणजे मी वकील त्याची."

"तासापुरती."

त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली टाचण ठेवलेलं होतं. ते वाचून मी थक्क झाले. लेखकाने जे चौदा पानं घोळवून सांगितलं होतं ते यांनी एका पानात असं सांगितलं होतं की लेखकानेच आधी असं लिहायला हवं होतं असं वाटावं. चौकशीच्या खिडकीत हेच काम होतं त्यांचं. लांबलचक वेळापत्रकातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं एका वाक्यात सांगायचं.

खरी पंचाईत पुढे झाली. ज्या सवयीने टाचण उत्तम झालं, तीच सवय चर्चेच्या मुळावर आली. खिडकीतली बाई प्रश्न आला की उत्तर देते. तिला दुसरं काही येत नाही. आम्ही रोज रात्रीच्या जेवणाला तालीम घेऊ लागलो. आई चर्चा चालवायच्या, आम्ही वर्ग. माझ्या लेकीकडे चमचा होता. आजीने मत दिलं की तिने ताट वाजवायचं.

"माफी उशिरा मागितली तर चालते का?" माझा नवरा विचारायचा.

"चालते," आई म्हणायच्या. ताट वाजायचं.

"मला वाटतं, या लेखकाचं डोकं फिरलंय," बाबा म्हणायचे.

"मलाही तसंच वाटतं." ताट.

"आजी, सॉरी म्हटल्यावर समोरच्याने इट्स ओके म्हणायलाच पाहिजे का?"

"पाहिजे. आणि तू आधी भाजी संपव." त्या खेपेला लेकीने दोनदा वाजवलं, आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तुम्हाला म्हणून सांगते, या निबंधावर आईंनी मत न देणं यात आमच्या घराला वेगळीच मजा होती, कारण माफी हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलाच नव्हता. माईकवरून त्यांनी दिवसाला शंभरदा दिलगिरी वाटली असेल. घरात एकदाही नाही. माझा लोकरीचा स्वेटर त्यांनी गरम पाण्यात धुऊन लेकीच्या मापाचा करून ठेवला, तेव्हाही 'तिला हवाच होता एक' एवढंच म्हणाल्या. त्या वाईट नाहीत. त्यांना फक्त चुकायची सवय नाही.

एकदा तालमीत मी मुद्दाम खोदून विचारलं, "आई, 'थोड्याच वेळात' म्हणजे किती वेळात, हे तुम्हाला माहीत असायचं का?"

"मला कसं माहीत असणार? वरून कागद यायचा, मी वाचायचे." उत्तर नेहमीसारखं लगेच आलं. बाबांनी वर पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी पुन्हा ताटात बघितलं. लेक चमचा उचलून माझ्याकडे बघत होती, हे मत धरायचं की नाही ते तिला कळेना. मलाही कळलं नाही.

शेवटी मी त्यांना फळ्याची युक्ती शिकवली. उत्तर ओठांवर आलं की वर्गाकडे पाठ करायची आणि बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहायचं. लिहून होईपर्यंत उत्तर गिळून होतं, आणि बोलणाऱ्यालाही बरं वाटतं. मी स्वतः नवी असताना हेच करायचे. आईंना ते पटलं. फ्रिजच्या दारावरच्या चिमुकल्या पांढऱ्या पाटीवर त्या आमची वाक्यं लिहायला लागल्या आणि ताट वाजायचं जवळजवळ थांबलं.

परीक्षेच्या दिवशी त्या माझ्याआधी वर्गात पोचल्या होत्या. बाकं घोड्याच्या नालेसारखी मांडून घेतली होती, खिडक्यांचे पडदे सारून घेतले होते, आणि छताला लटकणारी प्रोजेक्टरची वायर कोणाच्या डोक्याला लागू नये म्हणून पंख्याच्या कांबीला गुंडाळून टाकली होती. ती वायर माझ्या वर्गात दोन वर्षं लटकत होती. मोजपट्टी आले, दाराजवळ बसले, पुठ्ठ्याला लावलेला कागद मांडीवर घेतला आणि पेन्सिलीला टोक आहे का ते अंगठ्याने पाहिलं. मी माझ्या मागच्या बाकावर गेले. आईंच्या चेहऱ्यावर गाडी वेळेवर असल्यासारखा भाव होता.

"लेखक काय म्हणतो ते पानावर आहे," त्या म्हणाल्या. "ज्यांनी फक्त हे पान वाचलंय आणि निबंध वाचला नाही, ते मला चेहऱ्यावरून कळतंय. त्यांना मी आधी विचारणार आहे. 'आम्ही' म्हटलं तर चालत नाही, 'मी'च म्हणायला हवं, असं लेखक का म्हणतो?"

वर्ग हसला आणि मोकळा झाला. आमच्याकडे एक मुलगा आहे, तो प्रत्येक वेळी 'माझे तीन मुद्दे आहेत' असं म्हणून सुरू करतो, म्हणून त्याचं नाव मुद्देसूद. तो उठलाच.

"माझे तीन मुद्दे आहेत."

"पहिला सांगा. बाकीचे दोन तुमच्या नावावर राखून ठेवते."

त्याचा पहिला मुद्दा खरंच चांगला निघाला. मग कायम टोपी घालणारा पोरगा म्हणाला की कंपनीची चूक असेल तर 'मी' कोणी म्हणायचं, दारावरच्या शिपायाने? त्यावर दोन मुली एकदम तुटून पडल्या. आईंनी एकीला थांबवलं, दुसरीला बोलू दिलं, मग पहिलीला तिचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवण करून दिलं. कोणी त्यांना मत विचारलं की वळायच्या आणि फळ्यावर लिहायच्या. फळा भरत चालला होता. मोजपट्टींची पेन्सिल कागदाला लागलीच नव्हती. मी इतकी वर्षं चर्चा बघते आहे, पण अशी भरधाव आणि तरी रुळावर राहिलेली चर्चा मी क्वचितच बघितली आहे. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, कारण मोजपट्टी माझ्याकडेही बघत होते.

मग वर्गातली एक उंच मुलगी बोलली. ती वर्षभरात फारशी बोललेली नव्हती. तिला दुपारी नोकरीवर जावं लागतं, म्हणून घंटा व्हायच्या आधी दहा मिनिटं निघायची परवानगी मी तिला दिली होती. बॅग मांडीवर घेऊनच ती म्हणाली, "मला लेखकाचं पटतं. स्टेशनबद्दल."

"का पटतं?" आईंनी विचारलं.

"मी लहान होते तेव्हाची गोष्ट आहे. बाबांची आई दुसऱ्या गावी दवाखान्यात होती. बाबा मला घेऊन स्टेशनवर गेले. इथल्याच. गाडी आली नव्हती. माईकवरची बाई सारखी सांगत होती, गाडी थोड्याच वेळात येत आहे. बाहेर बस उभी होती. बाबा दर वेळी बॅग उचलायचे, बसकडे जाऊ म्हणायचे, आणि तेवढ्यात ती बाई पुन्हा सांगायची, थोड्याच वेळात. बाबा बॅग खाली ठेवायचे. असं दुपारभर चाललं. संध्याकाळी कळलं की गाडी येणारच नाही. तोपर्यंत शेवटची बस गेली होती. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो, तर आजी सकाळी गेली होती."



"त्या बाईचा आवाज इतका गोड होता," मुलगी म्हणाली. "आम्ही दिलगीर आहोत, आम्ही दिलगीर आहोत. कोण आम्ही?"

आई फळ्याकडे वळल्या. त्यांनी लिहायला घेतलं, 'कोण आम्ही'. मला त्यांची पाठ दिसत होती. अक्षर सरळ येत होतं. मी दोन्ही हातांनी बाक धरून ठेवलं होतं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, की बाई गं, कागद वरून यायचा, तिला काय माहीत असणार. पण मी मूग गिळून बसले, कारण नियम माझाच होता.

लिहून झालं, तशा आई वळल्या. आवाज नेहमीचा होता. "तुझ्या बाबांचं काय म्हणणं आहे? चूक कोणाची?"

प्रश्न चोख होता. मी शिकवलेल्या कुठल्याही मुलाने त्या जागी याहून चांगला प्रश्न विचारला नसता.

"बाबा म्हणतात चूक त्यांचीच," मुलगी म्हणाली. "म्हणतात, मी उठायला हवं होतं, एका आवाजावर विसंबून बसलो. अजून म्हणतात. आजीच्या फोटोसमोर पण म्हणतात." ती उठली, बॅग खांद्याला लावली. "सॉरी, मला जायला हवं." आणि माझ्याकडे बघून, नेहमी मागायची तशी, मानेनेच परवानगी मागितली.

मी मान हलवली. ती दारापाशी पोचली, मोजपट्टींच्या खुर्चीला वळसा घालून.

"थांब," आई म्हणाल्या.

खडू अजून त्यांच्या हातात होता.

"तो आवाज माझा होता."

मोजपट्टींनी पेन्सिल उचलली. मला दिसलं, आणि आईंना तर ते समोरच दिसत होतं.

"मी त्या माईकवर होते. तू सांगतेस तो दिवस मला आठवत नाही, आठवतो असं खोटं सांगणार नाही. असे दिवस पुष्कळ झाले. गाडी अडकली आहे, आज ती येत नाही, हे मला खिडकीतल्या फोनवर बहुतेक वेळा आधी कळलेलं असायचं. लोक उठून गेले की गोंधळ होतो, म्हणून वरून कागद यायचा, थोड्याच वेळात असं सांगा." त्या थांबल्या. "नाही. कागदाचं राहू दे. कागद कोणाचाही असो, वाचायचे मी. मला माहीत असायचं आणि मी खोटं सांगायचे. तुझ्या बाबांची चूक नव्हती. ते विश्वासाने ऐकत होते आणि मी त्यांना खोटं सांगितलं. मी चुकले."

मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर ओरडेल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही.

"तुम्हाला माहीत असायचं?" तिने विचारलं.

"हो."

"दर वेळी?"

"बहुतेक."

मुलीने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "हे मी बाबांना सांगते," ती म्हणाली. "ते काय म्हणतील मला माहीत नाही."

"काहीही म्हणू देत. मला काही नको आहे."

मुलगी गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि मग वाजेनाशी झाली. आम्ही सगळे आईंकडे बघत होतो. आईंनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि टाचणाची प्रत उचलली.

"अजून घंटा व्हायची आहे," त्या म्हणाल्या. "आता जे झालं ती लेखकाच्या हिशेबाने माफी झाली का? माझ्याकडे बघू नका, पानाकडे बघा. मधेच कागदाची सबब आली होती. ती चालते का?"

 मग मुद्देसूद हळूच उठला.

"माझा एकच मुद्दा आहे," तो म्हणाला. "सबब आली, पण ती परत घेतली. लेखकाने परत घेण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं."

त्यावर टोपीवाला म्हणाला की ही माफी मुळात चुकीच्या माणसाकडे मागितली, ती बाबांकडे मागायला हवी. एक मुलगी म्हणाली, निरोप्याकरवी पाठवलेली माफी लेखक धरत नाही, पान चार बघा. पानं उलटली गेली. ज्यांनी निबंध वाचला नव्हता तेही आता वाचत होते, बाकावर वाकून, भरभर. घंटा झाली तरी दोघंजण पान चारवरून वाद घालतच बाहेर गेले.

मग आम्ही तिघंच उरलो. घंटा झाली होती, त्यामुळे मला बोलायची मुभा होती, आणि मी बोलायला सुरुवात केलीच. मी म्हटलं, सर, नियम मी केला आहे, त्याचा हेतू काय ते मला माहीत आहे, तुम्ही आता जर त्या कागदावर...

"मॅडम," आई म्हणाल्या, "परीक्षा माझी आहे."

मी गप्प बसले. घरी हे कोणी ऐकलं तर विश्वास ठेवणार नाही.

मोजपट्टींनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "चर्चा चालवणाऱ्याने स्वतःचं मत देऊ नये, असा नियम आहे," ते म्हणाले. "मी पूर्ण तास लक्ष ठेवून होतो. बोललात पुष्कळ. पण मत नव्हतं ते. स्वतः केलेली गोष्ट सांगितलीत, आणि ती चूक होती असं सांगितलंत. लेखक बरोबर की चूक, हे एकदाही बोलला नाहीत. मत आहे की नाही तुम्हाला?"

"आहे," आई म्हणाल्या. "लेखक बरोबर आहे. मेला."

मोजपट्टी हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. टाचणाला उजवीकडे समास कमी होता म्हणून त्यांनी अर्धा मार्क कापला, खाली सही केली आणि कागद आईंपुढे धरला. पास. आईंनी चष्मा लावून आकडा वाचला, सही जिथे करायची तिथे केली, आणि माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट हातात आली होती, तर मी त्यांना मिठी मारली, वर्गातच.

पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "आई, संध्याकाळी तिला फोन करता आला असता. नंबर माझ्याकडे होता. मार्क पणाला लावायची काय गरज होती?"

"सुचलं होतं मला," त्या म्हणाल्या. "पण फोनवर पुन्हा नुसता आवाजच झाला असता ना गं."

फाटकापाशी बाबा रिक्षा थांबवून उभे होते. त्यांनी लांबूनच हात वर करून विचारलं, काय झालं. मी अंगठा दाखवला. बाबांनी रिक्षावाल्याच्याच पाठीवर थाप मारली. आई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होत्या, जिकडून उंच मुलगी गेली असणार.

"तिचे बाबा काय म्हणतील गं?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत नव्हतं, आणि मी त्यांना तसंच सांगितलं.